आरव्हीचा वॉटर हीटर हिवाळ्यासाठी रिकामा करताना: आधी बूच, मग बायपास

प्रश्न थोडक्यात असा आहे. वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढायची राहण्याची गाडी (आरव्ही), घेतला, त्यात सहा गॅलनचा हीटर आहे. गाडी हिवाळाभर थंडीत उभी राहणार. आधीच्या मालकाने दिलेल्या कागदाप्रमाणे आतले बायपासचे, म्हणजे पाणी हीटरला वळसा घालून नेणारे, कॉक फिरवले आणि मग बाहेर जाऊन हीटरचं बूच काढलं. आधी जोरात फवारा आला, नंतर धार बारीक झाली आणि थोड्या वेळाने थांबल्यासारखी झाली. आता तीन शंका आहेत: आत राहिलेल्या पाण्याने टाकी फुटेल का, टाकीतही गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत नळ फुटू नयेत म्हणून त्यांत घालायचा द्रव) भरायचं का, आणि बूच हिवाळाभर काढून ठेवायचं की परत लावायचं?

तळाशी एक-दोन लिटर पाणी राहिलं तर टाकीला काही होत नाही. टाकीत अँटीफ्रीझ भरू नका. बूच काढून ठेवा, पण हीटरच्या स्विचपाशी बांधून ठेवा. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुमच्या वर्णनावरून आत एक-दोन लिटर नव्हे, बरंच जास्त पाणी अजून शिल्लक असावं. पुढचं सगळं वाचायच्या आधी एवढं करून घ्या. हीटर आणि त्याची वीज बंद आहे, पाणी थंड आहे याची खात्री करा. बूच निघालेलं असतानाच, बाहेरच्या झाकणाआड वरच्या बाजूला जो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे त्याची छोटी दांडी उचला. धार लगेच जोर धरेल. सहा गॅलन म्हणजे जवळजवळ २३ लिटर. एकूण २० लिटरच्या वर पाणी बाहेर आलं पाहिजे. आतापर्यंत त्याच्या निम्मंही आलेलं नसेल, तर टाकी रिकामी झालेली नाही, एवढं उघड आहे.

असं का झालं हे नीट समजून घ्या, म्हणजे दरवर्षी कागद शोधावा लागणार नाही. बायपासचे कॉक फिरवले की हीटरकडे जाणारी थंड पाण्याची वाट आणि हीटरमधून निघणारी गरम पाण्याची वाट, दोन्ही बंद होतात. टाकी बाकीच्या नळांपासून तुटते. त्या वेळी आत जो दाब असतो तो तसाच कोंडून राहतो. मग स्वयंपाकाच्या ओट्यावरचा गरम पाण्याचा नळ उघडून पाणी थांबलं तरी टाकीतला दाब गेला असं म्हणता येत नाही, कारण नळाचा आणि टाकीचा संबंधच उरलेला नसतो. बूच सुटताच फवारा आला तो त्या कोंडलेल्या दाबाचा. दाब संपल्यावर पाणी बाहेर पडायला आत हवा शिरावी लागते आणि हवेला वाट नव्हती. भोक एकच, त्यातूनच पाणी बाहेर यायचं आणि त्यातूनच हवा आत जायची. म्हणून ती गुडगुड आणि ती बारीक धार.

पाणी थंड होतं म्हणून फक्त कपडे भिजले. हेच पाणी ६० अंश सेल्सिअसचं असतं, आणि बरेचसे आरव्ही हीटर ५५ ते ६० अंशांपर्यंत पाणी तापवतात, तर चेहऱ्यावर आणि हातावर काही सेकंदांत खोल भाजलं असतं. या कामात बर्फाची भीती सगळ्यांना असते. माणसाला इजा होते ती गरम पाण्याने आणि दाबाने. म्हणून मी क्रमाबद्दल हट्टी आहे.

क्रम असा. आधी उष्णतेचे दोन्ही स्रोत बंद करायचे, गॅसचा आणि विजेचा. गॅसचा स्विच आतल्या पॅनेलवर असतो, तो सगळ्यांना सापडतो. विजेचा मात्र कुठे कुठे दोन जागी असतो. सबर्बन कंपनीच्या गॅस-वीज दोन्हींवर चालणाऱ्या हीटरमध्ये बाहेरच्या झाकणाआड, खालच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा काळा स्विच असतो. आतल्या स्विचबरोबर तोही बंद करायचा आणि पॅनेलमधला हीटरचा ब्रेकरही खाली पाडायचा. या ब्रेकरकडे पुढे परत यावं लागेल, कारण हिवाळ्यातलं सगळ्यात जास्त नुकसान तिथून होतं.

मग पाणी थंड करायचं. रात्रभर तसंच ठेवलं तर उत्तमच. घाई असेल तर हीटर बंद करून गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा. टाकीतलं गरम पाणी निघून जाईल, त्या जागी थंड पाणी येईल, आणि नळाला थंडगार पाणी लागलं की पुढे जाता येईल. सांडपाण्याच्या टाकीत जागा आहे ना, तेवढं आधी बघा.

त्यानंतर पंप बंद, बाहेरून जोडलेला पाण्याचा पाइप बंद करून काढलेला. आतले गरम आणि थंड दोन्ही नळ उघडे. पाणी थांबेपर्यंत थांबा. बायपास अजून नेहमीच्या स्थितीतच असू द्या. टाकीची वाट नळांपर्यंत मोकळी असल्यामुळे दाब उतरतो आणि नंतर त्याच उघड्या नळांतून हवा टाकीत शिरते. तुमच्या कागदावरची चूक एवढीच आहे की बायपास एक पायरी आधी आला. तो लागतोच, पण टाकी रिकामी झाल्यावर.

आता बूच. इथे तुमच्याकडे कोणत्या जातीचा हीटर आहे हे पाहावं लागतं, आणि ते बूच बघूनच कळतं. सबर्बनची टाकी पोलादाची असते, आतून काचेसारख्या पोर्सिलेनचा थर दिलेला असतो. तिचं बूच म्हणजे एका लांब ॲनोड रॉडचं, म्हणजे स्वतः झिजून टाकीला वाचवणाऱ्या धातूच्या कांडीचं, डोकं. पाना लागतो १ १/१६ इंचाचा, आणि २७ मिलिमीटरचं सॉकेटही त्यावर बरोबर बसतं. सहा कोनांचं सॉकेट घ्या. बारा कोनांचं घेतलं आणि रॉड घट्ट बसलेला असला तर डोकं गोल होतं आणि मग ते काढणं फार त्रासाचं होतं. ॲटवुडची, म्हणजे आता डोमेटिकच्या नावाने येणारी टाकी ॲल्युमिनियमची असते. तिला ॲनोड नसतो, साधं प्लास्टिकचं बूच असतं, ७/८ किंवा १५/१६ इंचाचं. ते धातूच्या बुचाने बदलायचा मोह होतो, कारण प्लास्टिकचं डोकं लवकर खराब होतं. बदलू नका. ॲल्युमिनियमच्या आट्यांत दुसरा धातू बसवला की काही काळाने दोन्ही एकमेकांना धरून बसतात, आणि पुढे बूच काढताना टाकीचे आटेच बाहेर येतात. प्लास्टिकचं बूच खराब झालं की दुसरं प्लास्टिकचंच घ्यायचं, एखादं जवळ ठेवायचं. ॲटवुडच्या टाकीत बाजारात मिळणारे ॲनोडही बसवू नयेत. ती टाकी त्यासाठी बनवलेली नाही.

बूच काढताना भोकासमोर उभं राहू नका. बाजूला बसा, एक्स्टेन्शन लावून पाना चालवा, आणि शेवटचे दोन फेरे हाताने सोडवा. तिथेच गॅसची नळी आणि बर्नरच्या तारा असतात, पाना त्यांवर आदळू देऊ नका. बूच निघून पहिलं पाणी गेलं की मग सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलायची. हा व्हॉल्व्ह १५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाला किंवा ९९ अंशांच्या आसपासच्या तापमानाला आपोआप उघडतो. तो तुमच्या जिवासाठी आहे. टाकी तापलेली किंवा भरून दाबाखाली असताना केवळ बघायला म्हणून तो उघडायचा नाही. आता मात्र तो हवेचं दार म्हणून वापरायचा.

एवढं करूनही धार बारीकच राहिली तर कारण आत आहे. भोकात क्षारांचे पापुद्रे किंवा झिजलेल्या ॲनोडचे तुकडे अडकलेले असतात. मऊ तार घालून हलक्या हाताने मोकळं करा. जोर लावून खरवडू नका. सबर्बनमध्ये पोर्सिलेनचा थर एकदा टवका उडून गेला की त्या जागी पोलाद उघडं पडतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

टाकी रिकामी झाली की ती धुवायची. बरेच जण हे वगळतात आणि मला ते पटत नाही, कारण वर्षातून एकदाच ती टाकी उघडी सापडते. पाइपच्या तोंडाला लावायची वाकडी बारीक नळी मिळते, ती भोकातून आत घालून तळ सगळीकडून धुवायचा. सुरुवातीला पांढरे खडे, दुधाळ पाणी, कधी जेलीसारखा पांढरा चिकटा येईल. तो ॲनोडच्या झिजेतून आलेला असतो, घाबरू नका. पाणी स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा. कडक पाण्याच्या भागात गाडी फिरली असेल तर तळाशी क्षारांचा थर बसलेला असतो. हा थर बर्नरची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही आणि विजेच्या एलिमेंटवर बसला तर एलिमेंट लवकर जळतो. थर जास्त असेल तर पांढरा व्हिनेगर पाण्यात मिसळून काही तास टाकीत ठेवायचा आणि मग पुन्हा धुवायचं.

आता तुमची पहिली शंका. बुचाचं भोक टाकीच्या अगदी तळाला नसतं, थोडं वर असतं. त्यामुळे गाडी सपाट उभी असली तरी तळाशी लिटर-दोन लिटर पाणी राहतंच. पाणी गोठताना जवळजवळ ९ टक्के फुगतं. भरलेल्या बंद टाकीत त्या ९ टक्क्यांना जागा नसते, म्हणून टाकीचे जोड उसवतात, पत्रा फुगतो. रिकाम्या टाकीत तळच्या पातळ थरावर वीस लिटरची मोकळी जागा असते. बर्फ वर सरकतो आणि वितळतो. टाकीला कळतही नाही. तरी मनाला बरं वाटत नसेल तर बुचाच्या विरुद्ध बाजूची चाकं फळीवर चढवून गाडी किंचित बुचाकडे कलती करा, किंवा ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने राहिलेलं पाणी शोषून घ्या. मी स्वतः एवढ्यासाठी खटपट करत नाही.

खरी नाजूक जागा टाकीच्या मागे आहे. टाकी जाड पत्र्याची, भोवती फोमचं आवरण. तिच्या मागचे प्लास्टिकचे जोड, कॉक, एकदिशी व्हॉल्व्ह हे सगळं बोटाएवढं आणि उघडं. थंडी आधी तिथे पोहोचते. हिवाळ्यानंतर गळणारी जी गाडी येते तिची टाकी बहुधा शाबूत असते. तडा गेलेला असतो तो एखाद्या कोपरजोडाला, बाहेरच्या शॉवरच्या व्हॉल्व्हला नाहीतर पंपाच्या तोंडाशी असलेल्या गाळणीच्या वाटीला. म्हणून नुसती टाकी रिकामी करून थांबायचं नाही. ती बाकीच्या नळांपासून तोडायची आणि मग त्या नळांचा बंदोबस्त करायचा.

बायपास हीटरच्या मागच्या बाजूला असतो, पलंगाखाली, कपाटात किंवा स्क्रूने बसवलेल्या फळीआड. तीन प्रकार दिसतात. तीन कॉकचा सगळ्यात सरळ: थंड पाण्याचा आत जाणारा बंद, गरम पाण्याचा बाहेर येणारा बंद, मधल्या आडव्या नळीवरचा उघडा. दांडी नळीच्या रेषेत असली की कॉक उघडा, आडवी असली की बंद, एवढं ध्यानात ठेवलं की पुरतं. दोन कॉकच्या प्रकारात दोन्ही तीन तोंडांचे असतात, एकेका फिरवणीत वाट बदलते. एका कॉकच्या प्रकारात थंड बाजूला तीन तोंडांचा कॉक आणि गरम बाजूला एकदिशी व्हॉल्व्ह असतो. हा व्हॉल्व्ह पाणी टाकीतून बाहेर येऊ देतो, उलटं आत जाऊ देत नाही. तो प्लास्टिकचा असतो, आत स्प्रिंग असते, आणि क्षारांमुळे तो अर्धवट उघडा अडकून बसतो. मग बायपास फिरवला तरी अँटीफ्रीझ मागच्या दाराने टाकीत जात राहतं आणि नळाला गुलाबी रंग यायचं नाव नसतं.

हे ओळखायची सोपी युक्ती आहे. अँटीफ्रीझ पंपाने भरताना टाकीचं बूच उघडंच ठेवा आणि भोकाखाली ताट ठेवा. भोकातून गुलाबी पाणी आलं तर बायपास कुठेतरी धरत नाही. बाटल्या संपेपर्यंत वाट बघायची गरज नाही, थांबा आणि तो कॉक किंवा एकदिशी व्हॉल्व्ह बदला. भोक कोरडं राहिलं तर बायपास ठीक आहे. बूच लावून अँटीफ्रीझ भरणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

बॉल कॉकबद्दल आणखी एक. कॉक पूर्ण बंद केला की त्याच्या आतल्या गोळ्यात आणि भोवतीच्या पोकळीत थोडं पाणी अडकतं. तेवढ्याने कॉकचं अंग तडकलेलं मी पाहिलं आहे. टाकी आणि खालचे निचऱ्याचे नळ उघडे असताना प्रत्येक कॉक एकदोनदा पूर्ण फिरवा, क्षणभर अर्धा उघडा ठेवा, मग बायपासच्या स्थितीत न्या. अडकलेलं पाणी निघून जातं.

टाकीत अँटीफ्रीझ का भरायचं नाही? एक तर सहा गॅलन वाया जातं आणि वसंतात ते धुऊन काढता काढता नाकी नऊ येतात, फेस आणि चव कितीतरी दिवस जात नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तळाशी राहिलेल्या पाण्यात ते मिसळलं की पातळ होतं. बाटलीवर उणे ५० फॅरनहाइट, म्हणजे उणे ४५ सेल्सिअसच्या आसपासचा आकडा असतो, तो नळ फुटण्यापासून संरक्षणाचा आहे. द्रव त्याच्या कितीतरी आधी बर्फाळ चिखलासारखा होतो, फक्त कडक बर्फासारखा रेटत नाही. आणि हे सगळं न मिसळलेल्या अँटीफ्रीझबद्दल. पाणी घालून ते वाढवायचं नसतं, तसंच पाणी असलेल्या टाकीत किंवा नळात ओतून निर्धास्तही व्हायचं नसतं. आधी पाणी काढायचं, मग गुलाबी.

घेताना लेबल वाचा. प्रॉपिलीन ग्लायकॉल असलेलं घ्या. काही स्वस्त बाटल्यांत इथेनॉल असतं, ते पेट घेऊ शकतं आणि रबरी सील कोरडे पाडतं. मोटारीच्या रेडिएटरचं अँटीफ्रीझ बहुधा इथिलीन ग्लायकॉलचं असतं. ते विषारी आहे, चवीला गोड असल्यामुळे मुलं आणि प्राणी ते पितात, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळांत ते कधीही घालायचं नाही. रंगावर विसंबू नका, कारण मोटारीचंही गुलाबी मिळतं.

नळांसाठी काही जण गुलाबी न वापरता कॉम्प्रेसरने हवा मारतात. तेही चालतं. दाब ४० पीएसआयच्या आत ठेवा, एकेक नळ उघडून पाणी उडायचं थांबेपर्यंत हवा जाऊ द्या, शॉवर, बाहेरचा शॉवर, टॉयलेटचं पेडल काहीही विसरू नका. पण हवा मारण्याआधी बायपास झालेला हवा. आणि बूच लावलेलं असताना टाकीत हवेचा दाब भरून मग बूच सोडवायचा प्रकार कोणी सांगितला तर करू नका. दाबलेली हवा बुचाला गोळीसारखं बाहेर फेकते. हवेने पंपातलं पाणी पुरतं निघत नाही, म्हणून पंपात थोडं गुलाबी लागतंच. सिंकखालच्या वाकड्या नळ्यांतही एकेक पेला ओता.

आता बूच लावायचं की नाही. बाहेर काढून ठेवायचं, असं माझं मत आहे. तशी टाकी आतून सुकते, आणि कोणाला तरी दिसतं की हा हीटर वापरात नाही. भोकाला बारीक स्टीलच्या जाळीचा तुकडा लावा, म्हणजे किडे शिरणार नाहीत. बूच किंवा रॉड पिशवीत घालून आतल्या हीटरच्या स्विचवर चिकटपट्टीने बांधा. कारण आता त्या ब्रेकरकडे येतो.

हिवाळ्यात बॅटरी चार्ज राहावी म्हणून लोक उभ्या गाडीला घरातली वीज जोडतात. हीटरचा विजेचा स्विच चालू राहिलेला असला तर १४०० वॅटच्या आसपासचा एलिमेंट कोरड्या टाकीत तापू लागतो. पाण्यात बुडालेला असतो तेव्हा त्याची उष्णता पाणी घेतं. हवेत ती घेणारं कोणी नाही, आणि एलिमेंट मिनिटाभरात जळून जाऊ शकतो. जळल्याचा आवाज नाही, दिवा नाही. वसंतात पाणी तापत नाही तेव्हाच कळतं, आणि लोक समजतात थंडीने काहीतरी फुटलं. म्हणून आतला स्विच बंद, बाहेरचा बंद, ब्रेकर खाली, आणि ब्रेकरवर कागद चिकटवलेला: टाकी रिकामी आहे. कोरड्या टाकीवर गॅस पेटवला तर अतितापमानाचा कट-ऑफ बहुधा बर्नर बंद करतो, पण त्यावर भरवसा ठेवून प्रयोग करू नका.

रॉड हातात आहे तेव्हा तो नीट बघा. तो झिजण्यासाठीच असतो, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम स्वतः विरघळून टाकीचं पोलाद वाचवतं. त्याचं तीन चतुर्थांश अंग गेलं असेल, आतली तार उघडी पडली असेल तर बदलायचा. खडबडीत आणि खड्डे पडलेला पण जाड असेल तर आणखी एक हंगाम चालेल. उलट वापर भरपूर होऊनही रॉड नव्यासारखा गुळगुळीत दिसला तर खूश होऊ नका. आट्यांवर टेफ्लॉनचे नको तितके वेढे पडले की रॉडचा टाकीशी धातूचा स्पर्श तुटू शकतो. स्पर्श नसेल तर तो झिजत नाही आणि टाकी झिजते.

तुमचा हीटर टाकीचा आहे, पण वाचणाऱ्यांत टाकीविना, लगेच पाणी तापवणारा हीटर असलेलेही असतील. त्यांनी वरचं ‘थोडं पाणी राहिलं तर चालतं’ हे वाक्य स्वतःला लावून घेऊ नये. तिथे मोकळी जागा नसते, अरुंद नळीचं वेटोळं असतं आणि त्यात अडकलेलं थोडं पाणीही नळी फोडू शकतं. ट्रुमा कंपनीच्या ॲक्वागो हीटरमध्ये पिवळी दांडी ओढून पाणी सोडायचं असतं आणि तिथली गाळणी काढून साफ करायची असते. बाकीच्यांत उत्पादकाची पुस्तिका सांगेल तसंच करायचं. युरोपीय बनावटीच्या अनेक मोटरहोममध्ये ट्रुमाचा कॉम्बी हीटर असतो, त्याच्या फ्रॉस्टकंट्रोल व्हॉल्व्हजवळचं तापमान ३ अंशांच्या आसपास उतरलं की तो आपोआप उघडून हीटरचं पाणी सोडून देतो, आणि तापमान ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय तो हाताने परत बंद करता येत नाही. त्या व्हॉल्व्हने हीटर वाचतो, नळ आणि पंप वाचत नाहीत.

वसंतात उलट क्रमाने जायचं. आटे साफ करून टेफ्लॉन टेपचे दोनतीन वेढे, बूच आधी हाताने फिरवून सरळ बसलं ना ते पाहायचं, मग पान्याने बेताने घट्ट करायचं. प्लास्टिकच्या बुचाला तर अगदी हलका हात. बायपास परत नेहमीच्या स्थितीत आणायचा. तो विसरला तर नळाला पाणी भरपूर येतं पण गरम होत नाही, आणि लोक हीटरच्या मागे लागतात. बर्नरच्या नळीत कोळ्याची जाळी आहेत का तेही बघा, गॅसच्या वासाकडे कोळी येतात आणि ज्योत पिवळी, काजळी धरणारी होते. मग पंप चालू करून गरम पाण्याचा नळ उघडा ठेवायचा. आधी हवा फुरफुरेल, मग तुटक पाणी, मग सलग धार. सलग धार आल्यावर आणखी थोडं पाणी जाऊ द्या, बाहेर जाऊन बूच आणि मागचे जोड कोरडे आहेत ना ते बघा, आणि मगच ब्रेकर वर करा.

पहिल्यांदा पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडले तर व्हॉल्व्ह बिघडला असं लगेच ठरवू नका. तापलेलं पाणी फुगतं, आणि ते फुगणं झेलायला टाकीच्या वरच्या भागात हवेचा कप्पा लागतो. तो नीट तयार झालेला नसला की व्हॉल्व्ह ठिबकतो. हीटर बंद करून पाणी थंड होऊ द्या, पंप आणि बाहेरचा पाइप बंद करा, एक गरम नळ उघडा, आणि सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी थांबेपर्यंत धरा. पाणी थांबलं की दांडी झटक्याने सोडा, नळ बंद करा आणि पुन्हा तापवून बघा. तरीही ठिबकत राहिला तर व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा आहे. थंड असतानाच दोनतीनदा उघडझाप करून पाण्याच्या जोराने तो जाऊ द्या. त्यानेही थांबला नाही तर व्हॉल्व्ह बदला. त्याच्या तोंडाला बूच लावून गळती बंद करायची नाही, कधीच नाही.